गांजातलं औषध: रेणू कोणता, मात्रा किती, आजार कोणता

तपकिरी काचेची ३० एमएलची बाटली, वर रबरी बोंडाचा ड्रॉपर, लेबलवर ‘१००० मिलिग्रॅम सीबीडी’, म्हणजे गांजाच्या झाडातला एक रेणू. घरात २० किलो वजनाचं मूल आहे, त्याला दिवसातून अनेकदा आकडी येते, आणि कुणीतरी सांगितलंय की सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब द्या. आधी साधा हिशेब करू. १००० भागिले ३०, म्हणजे एका एमएलमध्ये साधारण ३३ मिलिग्रॅम. एका एमएलचे २० थेंब धरले, तर एका थेंबात १.७ मिलिग्रॅमच्या आतबाहेर. दिवसाचे चार थेंब म्हणजे सातही मिलिग्रॅम नाहीत. ज्या चाचण्यांमध्ये सीबीडीनं मुलांच्या आकड्या कमी झाल्या, त्यांत मात्रा होती वजनाच्या दर किलोला रोज २० मिलिग्रॅमपर्यंत. या मुलासाठी ती होते रोज ४०० मिलिग्रॅम. म्हणजे चार थेंब ही अभ्यासलेल्या मात्रेच्या जवळजवळ साठावा भाग झाली. आणि ती पूर्ण मात्रा या बाटलीतून द्यायची म्हटलं, तर बाटली अडीच दिवसांत संपेल.

आता त्याच झाडातला दुसरा पदार्थ घ्या, टीएचसी. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर किंवा एड्समध्ये मेलेल्या भुकेवर जी टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत वापरतात, तिची भूक वाढवण्यासाठीची सुरुवातीची मात्रा असते २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तीही मोठ्या माणसाला, आणि तेवढ्यानंही काहींना गरगरतं.

एकाच झाडातले दोन रेणू. एक लहान मुलाला ४०० मिलिग्रॅम चालतो, दुसरा मोठ्यालाही अडीच मिलिग्रॅमपासून जपून सुरू करावा लागतो. त्यामुळे ‘गांजा औषधी असतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तरी फसगत होते आणि ‘नाही’ म्हटलं तरी. विचारायचं ते असं: कोणता रेणू, किती मिलिग्रॅम, कोणत्या वाटेनं, कोणत्या आजाराला, आणि सोबत दुसरी कोणती औषधं चालू आहेत. पुढचा सगळा लेख या पाच प्रश्नांभोवतीच आहे.

झाडात काय असतं

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपं. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, आणि फुलोऱ्यावरच्या बारीक केसांमधून पाझरणारी राळ गोळा केली की चरस. ही राळच महत्त्वाची, कारण कॅनाबिनॉइड नावाचे रेणू मुख्यतः तिच्यात असतात. आजवर असे शंभराहून अधिक रेणू सापडले आहेत. औषधाच्या दृष्टीनं खोलवर तपासले गेलेले दोनच: नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी.

बियांमध्ये हे रेणू जवळपास नसतातच. त्यामुळे बियांचं तेल हे खाद्यतेल आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली ती याच कारणानं. दुकानात ‘हेम्प सीड ऑइल’ आणि ‘सीबीडी ऑइल’ या बाटल्या शेजारी शेजारी दिसल्या, तरी पहिलीत औषध शोधण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. ताज्या, हिरव्या झाडात टीएचसी जवळपास नसतंच. असतं ते त्याचं आम्लरूप, आणि त्याला नशा नसते. उष्णता लागली की त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी तयार होतं. चिलमीत हे क्षणात घडतं, तव्यावर किंवा तुपात जरा सावकाश. शिवाय हा रेणू पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणूनच भांग दुधातुपाच्या संगतीत ‘लागते’. आयुर्वेदात भांगेचं शोधन सांगितलंय, त्यात पानं पाण्यानं धुवून वाळवतात आणि गाईच्या तुपात परततात, किंवा दोलायंत्रात, म्हणजे पुरचुंडी बांधून भांड्यात लोंबती ठेवून, दुधात उकळतात. शोधन केलं म्हणजे नशा निघून गेली, असा समज अनेकांचा असतो. रसायनशास्त्र तसं सांगत नाही. पाण्यानं टीएचसी वाहून जात नाही, आणि तुपातल्या उष्णतेनं ते तयार व्हायलाच मदत होते.

कलकत्त्यातला आयरिश डॉक्टर

भांगेचा उल्लेख अथर्ववेदात आहे. मध्ययुगातल्या शार्ङ्गधर संहितेत ‘व्यवायी’ द्रव्याचं, म्हणजे पचण्याआधीच अंगभर पसरणाऱ्या द्रव्याचं, उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावं दिली आहेत. पण आजच्या अर्थानं मोजूनमापून केलेला अभ्यास सुरू झाला तो १८३९ मध्ये, कलकत्ता मेडिकल कॉलेजात. विल्यम ब्रूक ओ’शॉनेसी हा तिथला रसायनशास्त्राचा आयरिश प्राध्यापक. त्यानं आधी वैद्य-हकिमांकडून वापर समजून घेतला, मग प्राण्यांवर प्रयोग केले, आणि नंतर संधिवात, धनुर्वात, कॉलरा आणि पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रुग्णांना राळेचा अर्क दिला.

या नोंदींमधल्या दोन आजही वाचण्यासारख्या आहेत. पिसाळलेला कुत्रा चावलेला एक माणूस, ज्याला पाणी बघितलं तरी घशाला पीळ पडत होता, तो अर्क दिल्यावर थोडं गिळू शकला. वाचला मात्र नाही. ओ’शॉनेसीनं हे लपवलं नाही: आजार बरा झाला नाही, यातना कमी झाल्या. दुसरी नोंद ४० दिवसांच्या मुलीची. तिला सतत आकड्या येत होत्या. जिभेवर अर्काचा एक थेंब ठेवून सुरुवात झाली, तिला आराम पडला, पण पुढे थेंब वाढवत वाढवत शंभराच्या वर न्यावे लागले. लक्षणाला उतार, मूळ आजाराला नाही, आणि शरीराला सवय लागली की मात्रा चढत जाते. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत ज्या मुद्द्यांवर वाद झडले, ते त्या दोन नोंदींत आधीच आहेत.

तो अर्क इंग्लंडला गेला, तिथल्या औषधविक्रेत्यांनी बाटल्यांत भरला, आणि एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या औषधकोशांत त्याची नोंद झाली. मग मागे का पडला? कायदा आला म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं. त्याआधीच डॉक्टर त्याला कंटाळले होते. एका बाटलीतल्या दहा थेंबांनी काहीच होत नसे, दुसरीतल्या दहा थेंबांनी रुग्ण बरळायला लागे, कारण राळेत काय किती आहे हे मोजण्याचं साधन नव्हतं. पाण्यात विरघळत नसल्यामुळे सुईनं देता येत नव्हता. मॉर्फीन मात्र देता येत होतं, आणि १८९९ पासून ॲस्पिरिनही बाजारात आलं. अमेरिकेत १९३७ च्या करकायद्यानं आणि १९४२ मध्ये औषधकोशातून नाव गेल्यानं दार पुरतं बंद झालं.

भारतात १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या आयोगानं अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. बेतानं केलेल्या सेवनानं सहसा अपाय होत नाही, अतिसेवनानं होतो, असा त्याचा निष्कर्ष. गांजानं वेड लागतं असं म्हणून वेड्यांच्या इस्पितळांतले जे आकडे पुढे केले जात, ते आयोगानं एकेक करून तपासले. अनेक रुग्णांच्या कागदावर ‘कारण: गांजा’ हे पोलिसांच्या किंवा कारकुनाच्या सांगण्यावरून लिहिलेलं निघालं. आकडा कुठून आला ते मुळापर्यंत जाऊन बघण्याची ती शिस्त आजही हवी आहे.

ताटावर आडवा हात

टीएचसीची नेमकी रचना हाती आली ती १९६४ मध्ये, इस्राएलमध्ये, राफाएल मेशुलाम आणि येहीएल गाओनी यांच्या कामातून. त्यासाठी लागलेला ५ किलो चरस पोलिसांनी जप्त केलेल्या मालातला होता, आणि मेशुलाम यांनी तो बसमधून प्रयोगशाळेत नेला. सीबीडीची रचना त्याआधीच्या वर्षी त्यांच्याच गटानं उलगडली होती. मग प्रश्न आला: झाडातला हा रेणू मेंदूत कुठे बसतो? १९८८ मध्ये ती जागा सापडली, तिला सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. आणि जागा आहे म्हणजे शरीर स्वतःचं काहीतरी तिथे बसवत असणार, म्हणून शोध सुरू झाला. १९९२ मध्ये तो रेणू मिळाला. त्याचं नाव संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून ठेवलं: आनंदामाइड.

ही व्यवस्था काम कशी करते ते पंगतीत बसून बघा. वाढपी जिलबी वाढत येतो. पोट भरलं की जेवणारा ताटावर हात आडवा धरतो, वाढपी थांबतो. मेंदूतही एक पेशी दुसरीला रासायनिक निरोप वाढत असते. निरोप फार झाले, की घेणारी पेशी आनंदामाइडसारखा रेणू उलट दिशेनं सोडते, तो पाठवणाऱ्या पेशीच्या सीबी-१ वर बसतो आणि वाढणं थांबतं. हे जिथे हवं तिथे, हवं तेवढंच, काही क्षणांपुरतं घडतं. टीएचसी काय करतं? सगळ्या पंगतीतल्या सगळ्या ताटांवर एकदम हात धरतं, आणि तासन्‌तास. म्हणून वेदना आणि मळमळ कमी होते, आणि त्याच कारणानं स्मरण, तोल, वेळेचं भानही ढळतं. गुण आणि दोष वेगळे करता येत नाहीत, मात्रा शोधून त्यांच्यामधली अरुंद पट्टी गाठावी लागते.

श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात सीबी-१ फार कमी असतात. अफूच्या औषधांचा अतिडोस श्वास बंद पाडून मारतो, टीएचसीचा तसा मारत नाही, त्याचं कारण हे. पण लहान मुलांच्या बाबतीत या वाक्यावर विसंबू नये. घरात ठेवलेली गांजाची मिठाई खाल्लेली लहान मुलं बेशुद्ध होऊन इस्पितळात पोचतात.

सीबीडी या जागेवर नीट बसतच नाही. त्याची वाट वेगळी: पेशीतल्या कॅल्शियमवर परिणाम करणारे दुसरे रिसेप्टर आणि ॲडिनोसिनचं प्रमाण. म्हणून त्याची नशा नाही, आणि म्हणूनच टीएचसीच्या गुणांचा दाखला देऊन सीबीडी विकणं, किंवा उलट, ही दिशाभूल आहे.

जिथे पुरावा पक्का आहे

ड्रॅव्हे सिंड्रोम हा लहान मुलांचा फार अवघड अपस्मार. पहिल्या वर्षात, बहुधा तापात, लांबलेली आकडी येते आणि मग नेहमीची औषधं पुरत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा १२० मुला-तरुणांना १४ आठवडे दोन गटांत ठेवलं. एका गटाला शुद्ध सीबीडी, दर किलोला रोज २० मिलिग्रॅम. दुसऱ्याला दिसायला तसंच, पण औषध नसलेलं द्रावण. चालू औषधं दोन्हीकडे तशीच. सीबीडी गटात महिन्याच्या झटक्यांच्या आकड्यांची मध्यसंख्या १२.४ वरून ५.९ वर आली, दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१. पूर्ण आकडीमुक्त झालेली मुलं सीबीडी गटात ५ टक्के. आईवडिलांसाठी महिन्यातल्या सहा आकड्या कमी होणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असं मूल आहे त्याला सांगायला नको. पण ९५ टक्के मुलांना आकड्या येतच राहिल्या, हेही त्यांना आधी सांगायला हवं.

याच पुराव्यावर २०१८ मध्ये अमेरिकेत एपिडायोलेक्स हे द्रावण ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन अपस्मारांसाठी मंजूर झालं, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या आकड्यांसाठीही. एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम, तिळाच्या तेलात. देण्याची रीत अशी: दर किलोला २.५ मिलिग्रॅम सकाळी, तेवढंच संध्याकाळी. आठवड्यानं दुप्पट. सोसलं आणि गरज असली तर आणखी वाढवत दर किलोला रोज २० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या २० किलोच्या मुलाला म्हणजे अर्धा एमएल दोनदा, मग एक एमएल दोनदा, शेवटी जास्तीत जास्त दोन एमएल दोनदा. ड्रॉपरनं नव्हे, खुणा असलेल्या तोंडी सिरिंजनं.

बिघडतं कुठे, ते सांगते यकृताची तपासणी. औषध सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलीरुबिन बघतात, मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा. मूल आधीच व्हॅल्प्रोएट हे आकडीवरचं औषध घेत असेल तर यकृतावरचा ताण जास्त, तेव्हा या तपासण्या टाळून चालत नाहीत. क्लोबाझॅम हे आकडीवरचं दुसरं औषध चालू असेल तर वेगळी अडचण: सीबीडी यकृतातलं एक एन्झाइम अडवतं आणि क्लोबाझॅमपासून तयार होणारा झोप आणणारा घटक रक्तात सुमारे तिप्पट होतो. मूल दिवसभर पेंगतं आणि घरचे म्हणतात, ‘तेल फार जड पडलं’. खरं तर क्लोबाझॅमची मात्रा डॉक्टरांनी कमी करायची असते.

आणि जेवण. तुपातेलाच्या जेवणासोबत घेतलं, तर रक्तात पोचणारं सीबीडी रिकाम्या पोटापेक्षा चार-पाच पट होतं. एके दिवशी उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी-तुपानंतर दिलं, तर मात्रा तीच ठेवूनही दोन वेगळे डोस दिल्यासारखं होतं. रोज एकाच प्रकारच्या खाण्याशी जोडून द्यावं. बंद करायचं झालं तर हळूहळू. एकदम थांबवलं तर आकड्या उसळून येतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारातली स्नायूंची ताठरता हा दुसरा बऱ्यापैकी पक्का उपयोग. सॅटिव्हेक्स हा तोंडात मारायचा फवारा, दर फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी. कॅनडात २००५ मध्ये त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या मज्जातंतूंच्या वेदनेसाठी परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये २०१० मध्ये ताठरतेसाठी. रोज एकेक वाढवत दोन आठवड्यांत आपली मात्रा शोधायची, दोन फवाऱ्यांत किमान १५ मिनिटं, दिवसाला १२ ही मर्यादा. चार आठवड्यांत ताठरतेत स्पष्ट फरक पडला नाही तर बंद. हा शेवटचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: औषध सुरू करतानाच थांबायची तारीख ठरलेली. भांगेच्या बाकी सगळ्या उत्पादनांनाही तो लावायला हवा.

केमोथेरपीच्या उलट्यांवर टीएचसीची कॅप्सूल १९८५ पासून आहे. तेव्हा ऑन्डॅनसेट्रॉनसारखी औषधं आली नव्हती. आता ती आहेत आणि आधी तीच देतात. ती पुरली नाहीत, तर टीएचसीचा विचार होतो. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या चाचणीत अशाच रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत टीएचसी-सीबीडीची कॅप्सूल दिली. उलटी अजिबात न झालेल्या आणि उलटीवरचं जादा औषधही न लागलेल्यांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून २५ टक्के झालं. सुमारे एकतृतीयांश लोकांना गुंगी-चक्करीचा लक्षणीय त्रासही झाला, तरी बहुतेकांनी तीच कॅप्सूल पसंत केली. केमोचं चक्र पार करायला याची मदत होते. पण ‘तेलानं कॅन्सर बरा होतो’ हा दावा वेगळा आहे. काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी कॅनाबिनॉइडनं मरतात हे खरं; त्या बशीत पुष्कळ पदार्थांनी मरतात. माणसातला कॅन्सर या तेलानं बरा होतो असं दाखवणारी चाचणी नाही. त्या भरवशावर शस्त्रक्रिया किंवा केमो पुढे ढकलणाऱ्या माणसाची गाठ मात्र त्या काळात वाढत असते.

वेदना, जिथे तज्ज्ञांत एकमत नाही

जगभर सगळ्यात जास्त लोक हे औषध घेतात ते जुनाट वेदनेसाठी, आणि पुरावा सगळ्यात धूसर तिथेच आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये पुरावा भरीव म्हटला. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक सूत्रं ठरवणाऱ्या नाइस संस्थेनं २०१९ मध्ये जुनाट वेदनेसाठी टीएचसीची औषधं देऊ नका असं सांगितलं. २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं ‘बाकी उपाय थकले तर देऊन पाहा’ अशी सौम्य शिफारस केली, कारण त्यांच्या हिशेबात शंभरातल्या साधारण दहा जादा रुग्णांना जाणवण्याइतका फरक पडत होता.

एकच पुरावा वाचून इतके वेगळे निष्कर्ष कसे? चाचणीची अडचण समजली की उत्तर मिळतं. खरं औषध कुणाला मिळालं हे रुग्णाला कळू नये, अशी चाचणीची अट असते. टीएचसी घेतलेल्याला ते अर्ध्या-एक तासात कळतं. आणि ‘मला ते चमत्कारी औषध मिळालंय’ हे कळल्यानंच वेदना काही प्रमाणात कमी होते. त्यात चाचण्या छोट्या आणि काही आठवड्यांच्या, तर दुखणं वर्षानुवर्षांचं. अमेरिकेत तर १९६८ पासून २०२१ पर्यंत संशोधनासाठी गांजा मिळायचं ठिकाण एकच होतं, मिसिसिपी विद्यापीठाचं शेत. दुकानांत विकल्या जाणाऱ्या मालाशी त्याचं फारसं साम्य नव्हतं.

खाणं आणि ओढणं

धुरातून घेतलेलं टीएचसी मिनिटांत चढतं आणि दोन-तीन तासांत बरंचसं उतरतं. पोटातून घेतलेलं अर्ध्या ते दीड तासानं जाणवायला लागतं, दोन ते चार तासांनी शिखरावर जातं आणि सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतं. यकृतात त्याचं रूपांतर ११-हायड्रॉक्सी टीएचसीत होतं, जे मेंदूत सहज शिरतं. होळीला दरवर्षी होणारी चूक इथलीच: एक ग्लास घेतला, पाऊण तासात काही झालं नाही, म्हणून दुसरा. मग दोन्ही एकदम चढतात. घबराट, छातीत धडधड, ‘आता मी मरणार’ अशी खात्री. अशा माणसाला शांत, कमी उजेडाच्या खोलीत कुणीतरी सोबत बसवून ठेवावं, पाणी द्यावं, गाडी चालवू देऊ नये. छातीत दुखणं, बेशुद्धी, आकडी, किंवा रुग्ण लहान मूल असेल तर मात्र थेट इस्पितळ. पोटातून टीएचसी घेणाऱ्या रुग्णासाठी नियम एकच: ठरलेल्या मात्रेवर त्याच दिवशी दुसरी चढवायची नाही.

धुराचा मार्ग औषध म्हणून कुणी सुचवू नये. मात्रा मोजता येत नाही आणि जळलेल्या पानाचा धूर फुफ्फुसांना तंबाखूच्या धुराइतकाच परका.

काही लोकांनी टीएचसी टाळायलाच हवं. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, वय विशीच्या आत असेल, गर्भारपण असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल. दहा टक्क्यांहून जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट असल्याचं युरोपातल्या मोठ्या अभ्यासात २०१९ मध्ये दिसलं, त्यात ॲमस्टरडॅम आघाडीवर होतं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचाच आजार जडतो. तो गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर तात्पुरता थांबतो आणि गांजा सोडल्यावरच जातो. उलटीवरचं औषध उलटीचं कारण होतं, ते असं.

आपल्याकडचा कायदा आणि बाटली

१९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा चरस आणि फुलोऱ्याचा गांजा यांवर बंदी घालतो. नुसतं पान त्याच्या व्याख्येत नाही. त्याच फटीतून आयुर्वेदिक कंपन्यांची ‘विजया’ नावाची पानांच्या अर्काची औषधं कायदेशीरपणे येतात. पण पान राज्यांच्या अखत्यारीत आहे, आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो, परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा. उत्तराखंडनं २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसीच्या वाणांच्या लागवडीला परवानगी दिली. जम्मूतल्या सीएसआयआरच्या संस्थेत औषधी वापरासाठीचं संशोधन चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताचं मत काढण्याच्या बाजूनं होतं. नियंत्रण मात्र उठलेलं नाही. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी येताना आईच्या गुडघ्यांसाठी बाटली आणू नये. कॅनडातून ती बाहेर नेणं हाच तिथे गुन्हा आहे, आणि टीएचसी निघालं तर इथे एनडीपीएस लागू शकतो. आखाती देशांतल्या विमानतळांवर तर धोका फारच मोठा.

विजयाची औषधं औषध नियमांतल्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी घटकांच्या यादीत, येतात, म्हणजे लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावीच लागते, आणि ती वैद्यानं लिहून द्यायची असतात. ‘विजया पत्र अर्क ५०० मिलिग्रॅम’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. अर्कात टीएचसी किती, सीबीडी किती, हे एमएलमागे मिलिग्रॅममध्ये हवं. त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि अहवालावरचा जुळतो का ते बघावं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक तपासलंय का ते बघावं, कारण हे झाड जमिनीतले जड धातू शोषून घेतं. कीटकनाशकं आणि उरलेलं सॉल्व्हेंट हे पुढचे रकाने. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन मिळणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवरचा आकडा खरा निघाला तो जेमतेम ३१ टक्के बाटल्यांत. १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. नोकरीसाठी लघवीची तपासणी द्यावी लागणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

घरात कुणी हे तेल आधीच घेत असेल, तर लाजेनं किंवा भीतीनं ते डॉक्टरांपासून लपवलं जातं. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यात सीबीडीमुळे आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णात टॅक्रोलिमस या, शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या, औषधाची पातळी वाढते. नियमित गांजा घेणाऱ्याला भूल देताना औषध जास्त लागू शकतं, म्हणून शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला सांगावंच लागतं. डॉक्टरांकडे जाताना बाटलीच पिशवीत टाकून न्यावी. सोबत एका कागदावर लिहावं: कधी सुरू केलं, एका वेळी किती एमएल, जेवणाआधी की नंतर, आणि त्या आधीच्या महिन्यात आकड्या किंवा वेदनेची रात्र किती वेळा, नंतरच्या महिन्यात किती वेळा.